मुकादमाच्या पलीकडे

व्यवहारांत कांहीं शब्द असे असतात कीं, त्यांचा उच्चार होतांच चौकशी थांबते. 'वरून हुकूम आहे' हा त्यांतला एक. 'दैवाची गोष्ट' हा दुसरा. आणि आमच्या नंदुरबार जिल्ह्यांत वारंवार कानीं पडणारा तिसरा शब्द म्हणजे 'मुकादम'. मजुरी किती ठरली, तें मुकादमास ठाऊक. उचल किती फिटली, तें मुकादमाच्या वहींत. पाल कोठें ठोकावयाचें, आजारी पोरास दवाखान्यांत कोणीं न्यावयाचें, हंगाम केव्हां संपणार, या सर्व प्रश्नांचें उत्तर एकच. या शब्दाच्या पलीकडे कोण बसलें आहे, हें पाहण्याचा यत्न फारसा होत नाहीं. प्रस्तुत लेखांत तो आम्ही करणार आहों. आणि त्यासाठीं वाचकांस नवापूरच्या हद्दीपासून दर्यापारपर्यंत आमच्याबरोबर थोडें चालावें लागेल.

नंदुरबार जिल्हा धुळ्यापासून १ जुलै १९९८ रोजीं वेगळा झाला. उत्तरेस सातपुडा, मधून तापी, आणि पश्चिमेस गुजरातची हद्द. २०११ च्या शिरगणतींत येथील लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास भरली. तींत शेंकडा ६९ लोक आदिवासी, म्हणजे भिल्ल, पावरा, मावची, कोकणा इत्यादि जमातींचे. तापीकांठची काळी जमीन कापूस, केळी, पपई, ऊंस आणि मिरची पिकविते. परंतु अक्राणी-अक्कलकुव्याच्या डोंगरउतारांवरील शेत पावसावर एक पीक देतें आणि मग पुढच्या मृगापर्यंत नुसतें पडून राहतें. घरांत आलेली ज्वारी, मका व भगर किती दिवस पुरेल, याचा हिशेब त्या घरच्या बाईस कागदाशिवाय करतां येतो. तो हिशेब बहुधा होळीपर्यंतही पोंचत नाहीं.

म्हणून दिवाळीच्या सुमारास आमच्या शहरांत दोन देखावे एकदमच दिसूं लागतात. गांवाबाहेर मिरचीच्या पथाऱ्या तांबड्या होऊं लागतात आणि त्यांच्या ठसक्यानें येणारा-जाणारा शिंकूं लागतो. आणि त्याच रस्त्यांनीं मालमोटारी व टेंपो माणसांनीं भरून पश्चिमेकडे निघतात. सामान फार नसतें. दोन पातेलीं, गोधड्या, ज्वारीचें पोतें, पाय बांधलेली एखादी कोंबडी, आणि कोयते. त्या सामानावर लहान मुलें बसविलेलीं असतात. मागें राहतात तीं म्हातारीं माणसें, आणि ज्यांची नांवें शाळेच्या पटावर कशीबशी टिकली आहेत तीं कांहीं पोरें.

नवापूरचें रेल्वे-स्टेशन अर्धें महाराष्ट्रांत व अर्धें गुजरातेंत आहे, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक असेल. १ मे १९६० रोजीं दोन राज्यें झालीं आणि हद्द फलाटावरून गेली. तेथील एका बांकावर मधोमध रेघ ओढलेली आहे, आणि हौशी प्रवासी त्यावर बसून छायाचित्रें काढवितात. गाड्यांच्या सूचना चार भाषांतून देण्यांत येतात. आम्हीही त्या बांकावर बसलों आहों, आणि एक पाय या राज्यांत व एक त्या राज्यांत ठेवण्याची गंमत अनुभविली आहे. परंतु ऊंसतोडीस जाणाऱ्या कुटुंबास ती रेघ वेगळी पडते. ती ओलांडली कीं त्याचा तलाठी, त्याचा दवाखाना, त्याच्या मुलांची शाळा, त्याचा मत मागणारा पुढारी, हीं सारीं मागें राहतात. परमुलूख होण्यास समुद्रच आडवा यावा लागतो असें नाहीं. ज्या ठिकाणीं आपल्या तक्रारीस कान नाहीं, तें ठिकाण शंभर कोसांवर असलें काय आणि सातासमुद्रांपलीकडे असलें काय, सारखेंच.

एका वर्षीं होळीच्या तोंडावर परतलेल्या एका जोडप्याशीं बोलण्याचा आम्हांस योग आला. सातपुड्यांतील होळीचें महत्त्व ज्यांना ठाऊक आहे, त्यांना सांगावयास नको कीं, या सणास मनुष्य कर्ज काढूनही घरीं येतो. 'कोणत्या कारखान्यास गेलां होतां?' असें विचारतां त्या गृहस्थानें मुकादमाचें नांव सांगितलें. 'तें मुकादमाचें झालें. कारखाना कोणता?' 'सुरतेकडचा, भाऊ.' 'आणि मालक कोण?' यावर तो थोडा हंसला. 'मालक म्हणजे मुकादमच कीं.' त्याची बायको इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, 'रात्रीं चिमणी दिसायची. दिवे दिसायचे. आंत कधीं गेलों नाहीं.' चार हंगाम एकाच चिमणीच्या उजेडांत काढलेल्या त्या बाईस त्या कारखान्याचें नांव सांगतां येत नव्हतें, आणि त्या कारखान्याच्या कोणत्याही दप्तरांत हिचें नांव असण्याचाही संभव फारसा नव्हता.

हें कसें घडतें, तें पाहण्यासारखें आहे. दक्षिण गुजरातेंतील सहकारी साखर कारखान्यांत ऊंस तोडून आणण्याची व्यवस्था कारखानाच करतो. कोणतें शेत आज तोडावयाचें, किती गाड्या पाठवावयाच्या, टोळी कोठून कोठें हालवावयाची, हें सर्व कारखान्याच्या कचेरींतून ठरतें. हंगामापूर्वीं मुकादमास उचल मिळते ती कारखान्याकडून. तो ती कुटुंबांना वांटतो आणि त्यांना बांधून घेतो. मजुरीचा घटक माणूस नसून 'कोयता' आहे. आणि कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. हत्याराचें नांव माणसास आणि दोन माणसांस मिळून एक नांव! बाईच्या श्रमास वेगळा दाम नाहीं, कारण हिशेबांत बाई ही वेगळी मनुष्यच नाहीं. हंगामभर पोटास 'खावटी' म्हणून धान्य व थोडे पैसे मिळतात, ते शेवटच्या हिशेबांत कापले जातात, आणि बहुधा व्याजासह कापले जातात. पहांटेच्या थंडींत तोडणी सुरू होते. मोळ्या बांधून भरणें हें गाडी येईल तेव्हां, मग ती मध्यरात्रीं येवो. काम कारखान्याच्या घड्याळावर चालतें, आणि जबाबदारीचा प्रश्न निघाला म्हणजे मात्र कारखाना म्हणतो, 'ते आमचे कामगार नव्हेत, ते मुकादमाचे.'

यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञांनीं १९७० नंतरच्या दशकांत बारडोलीच्या परिसरांत राहून या व्यवस्थेचा अभ्यास केला आणि १९७८ मध्यें तो प्रसिद्ध केला. ऊंसाचें आणि मजुरांचें गाळप एकाच कारखान्यांत होतें, असा त्यांच्या लेखाच्या मथळ्याचा आशय होता. त्या लेखांतील तोडणीवाल्यांत खानदेशांतून, म्हणजे आमच्याच मुलुखांतून गेलेलीं माणसें होतीं. १९२८ मध्यें सरकारनें वाढविलेल्या शेतसाऱ्यापुढें ज्या बारडोलीनें मान वांकविली नाहीं, तिच्याच शिवारांत हें चालावें, यांत कोणास विसंगति दिसेल. आम्हांस तींत मनुष्यस्वभावाचा एक नेहमींचा नियम दिसतो. आपल्या मानेवरचें जूं मनुष्यास तत्काळ जाणवतें. आपण दुसऱ्याच्या मानेवर ठेविलेलें जूं जाणवावयास वेळ लागतो, आणि मध्यें मुकादम असला तर तें जाणवतही नाहीं.

शहाद्याचें उदाहरण याच्या उलट आहे. तेथें १९७२ मध्यें श्रमिक संघटना स्थापन झाली. अंबरसिंग महाराजांसारखे आदिवासींमधून वर आलेले पुढारी तिच्या पाठीशीं होते. गेलेल्या जमिनी परत मिळाव्या, सालदारास माणसासारखें वागवावें, मजुरी वाढावी, यासाठीं त्या तालुक्यांत मोठी चळवळ झाली. ती किती यशस्वी झाली याची चर्चा येथें नको. आम्हांस दाखवावयाचें तें इतकेंच कीं, सालदाराचा मालक त्याच गांवांत राहत होता. त्याचें घर ठाऊक होतें, त्याच्या ओट्यापुढें जाऊन उभें राहतां येत होतें. जुलूम करणाऱ्यास तोंड होतें, म्हणून त्याच्याशीं भांडतां आलें. मुकादमी पद्धतीनें मजुराकडून सर्वांत मोठी कोणती गोष्ट हिरावून घेतली असेल तर ती मजुरी नव्हे, मालकाचें तोंड होय.

ही सांखळी जशी नवापूरच्या हद्दीवर संपत नाहीं, तशी ती कारखान्याच्या फाटकावरही संपत नाहीं. साखर किराणा दुकानांत जाते, तशीच मिठाईच्या, बिस्किटांच्या आणि थंड पेयांच्या कारखान्यांतही जाते. आणि तेथें तिचा संबंध जगांतील धनाढ्य कंपन्यांशीं येतो. मार्च २०२४ मध्यें 'न्यूयॉर्क टाइम्स' या पत्रानें 'फुलर प्रोजेक्ट' या संस्थेच्या साहाय्यानें महाराष्ट्रांतील ऊंसतोडीविषयीं एक विस्तृत वृत्तांत छापला. कोका-कोला व पेप्सिको या कंपन्यांस ज्या साखरेचा पुरवठा होतो, तिच्या ऊंसाच्या फडांत कर्जानें बांधलेलीं जोडपीं, कोंवळ्या वयांत लग्न लावून कोयता हातीं दिलेल्या मुली, आणि गर्भाशय काढून घेतलेल्या स्त्रिया आढळल्या, असें त्यांत म्हटलें होतें. यांतली शेवटची गोष्ट महाराष्ट्रास नवी नव्हती. २०१९ मध्यें राज्य सरकारनें नेमलेल्या समितीनें बीड जिल्ह्यांतील सुमारें ८२ हजार ऊंसतोड स्त्रियांची पाहणी केली, तींत १३ हजारांहून अधिक स्त्रियांचीं गर्भाशयें काढलेलीं आढळलीं. दुखण्यामुळें एका दिवसाचा खाडा पडला तर दंड बसतो. मग दुखणेंच मुळापासून काढून टाकावें, असा सल्ला मिळतो आणि तो मानला जातो. त्या शस्त्रक्रियेसाठीं काढलेलें कर्ज पुन्हां मुकादमाच्याच वहींत चढतें.

अटलांटिकच्या पलीकडची कंपनी यावर काय म्हणते? 'आम्ही साखर घेतों. ऊंस कोण तोडतो हें आमच्या करारांत नाहीं.' म्हणजे कारखान्यानें मुकादमाकडे बोट दाखवावें आणि कंपनीनें कारखान्याकडे. दोघांचें म्हणणें शब्दशः खरें असतें. पण त्या दोन सत्यांच्या मधल्या फटींत एक सबंध कुटुंब नाहींसें होतें.

२४ एप्रिल २०१३ रोजीं बांगलादेशांत ढाक्याजवळ राणा प्लाझा नांवाची इमारत कोसळून अकराशेंहून अधिक माणसें मेलीं. त्यांत बहुसंख्य शिवणकाम करणाऱ्या तरुण स्त्रिया होत्या. आदल्या दिवशींच भिंतींना भेगा पडलेल्या दिसल्या होत्या. खालच्या मजल्यावरील पेढी व दुकानें बंद ठेवण्यांत आलीं. वरचे कारखाने मात्र चालू राहिले, कारण युरोप-अमेरिकेंतील दुकानांस माल वेळेवर पोंचवावयाचा होता. तेथील कांहीं कारखान्यांची 'सामाजिक तपासणी' आधींच झालेली होती आणि ती या अनर्थास आडवी आली नाहीं. तपासनीस येतो तेव्हां कागद तयार असतात, फरशी पुसलेली असते, आणि मजुरानें काय बोलावयाचें तें मजुरास पढविलेलें असतें. तपासणीचा खर्च, ज्याची तपासणी व्हावयाची तो किंवा त्याचा गिऱ्हाईक देणार. मग उंटावर बसून शेळ्या हांकण्याखेरीज तींतून दुसरें काय निघणार?

परंतु राणा प्लाझाचा दुसरा धडा निराशेचा नाहीं. त्या अपघातानंतर महिन्याच्या आंत मोठ्या कंपन्या आणि कामगार संघटना यांच्यामध्यें एक करार झाला, आणि तो नुसत्या सदिच्छेचा नसून कायद्यानें बांधणारा होता. पुढें दोनशेंवर कंपन्या त्यांत आल्या आणि दीड हजारांहून अधिक कारखान्यांच्या इमारतींची तपासणी झाली. 'दुसऱ्या देशांतल्या भिंतीस गेलेली भेग आमच्या अखत्यारींत येत नाहीं,' असें काल म्हणणाऱ्या कंपन्यांस ती आज अखत्यारींत घेतां आली. म्हणजे अडचण अंतराची नव्हती. पुढें फ्रान्सनें २०१७ मध्यें आणि जर्मनीनें २०२१ मध्यें असे कायदे केले कीं, मोठ्या कंपनीनें आपल्या मालाच्या मुळाशीं माणसांचे काय हाल होतात याची चौकशी ठेविलीच पाहिजे.

येथें आमच्यांतील पुष्कळ सुशिक्षित मंडळी हरकत घेतात. 'परकीयांस आमच्या मजुरांचा कळवळा केव्हांपासून आला? हा त्यांच्या व्यापाराचा कावा आहे.' ही हरकत फार जुनी आहे. १८८१ चा पहिला फॅक्टरी अॅक्ट झाला तेव्हां मुंबईच्या गिरण्यांची चढाओढ सहन न होणाऱ्या लँकेशरच्या गिरणीवाल्यांनीं त्यासाठीं दडपण आणिलें होतें, हें कोणीही नाकारीत नाहीं. आणि आमच्या राष्ट्रीय वृत्तीच्या पत्रांनीं त्याच कारणास्तव अशा कायद्यांस विरोध केला होता. परंतु तो कायदा सात वर्षांखालील मुलास कामास लावूं नये असें सांगत होता, आणि सात वर्षांखालील मूल तर लँकेशरच्या हेतूमुळें आठ वर्षांचें होत नव्हतें! या वादांत नारायण मेघाजी लोखंडे यांनीं जी वाट धरिली ती आम्हांस आजही मार्गदर्शक वाटते. 'दीनबंधु'च्या या संपादकानें १८८४ मध्यें मुंबईच्या हजारों गिरणीकामगारांची सभा भरविली, आणि आठवड्याची सुटी, दुपारची विश्रांति, वेळेवर पगार या मागण्या कामगारांच्याच तोंडून वदविल्या. १८९० मध्यें मालकांनीं रविवारची सुटी मान्य केली. मागणारा परका आहे कीं आपला, हा प्रश्न त्यांनीं मागणीच्या आड येऊं दिला नाहीं. ती मागणी उचलून आपल्या लोकांची केली. कळवळा परकीयाचा असल्यानें जर आमची मान खालीं जात असेल, तर तो आधीं आम्हांस यावयास हवा होता, इतकाच त्याचा अर्थ होय.

दुसरी हरकत पैशाची. मजुरी वाढविली तर साखर महागेल, कारखाने बुडतील, आणि मजूर उपाशी मरेल. या भीतीचा हिशेब करून पाहूं. गुजरात सरकारनें २०२२-२३ च्या हंगामांत ऊंसतोडीचा किमान दर टनास २३८ रुपयांवरून ४७६ रुपये केला, म्हणजे एकदम दुप्पट. एक टन ऊंसापासून सुमारें शंभर किलो साखर निघते. तेव्हां मळी, चिपाड यांचें उत्पन्न सोडून सर्व भार साखरेवरच टाकिला, तरी किलोमागें तोडणीची मजुरी सुमारें २ रुपये ४० पैशांवरून पावणेपांच रुपयांवर गेली. पहांटेपासून मध्यरात्रीपर्यंतच्या दोन माणसांच्या श्रमाचा वांटा, चाळिशीच्या पुढें गेलेल्या साखरेच्या किलोंत, पूर्वीं अडीच रुपयेही नव्हता! साखर अडीच रुपयांनीं महागली म्हणून कोणत्या मध्यम स्थितींतल्या घरीं चहा बंद होईल? आणि एका बाटलींत कांहीं चमचे साखर घालून ती अनेकपट किमतीस विकणाऱ्या कंपनीस तर हा फरक आपल्या हिशेबांत शोधावा लागेल.

तिसरी गोष्ट हरकत नव्हे, पळवाट आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यानें ठराविक आकाराच्या कंपन्यांस सरासरी नफ्याच्या शेंकडा २ इतकी रक्कम समाजोपयोगी कामावर खर्चावयास लाविली. त्यांतून शाळांस संगणक मिळतात, गांवांत पाण्याच्या टाक्या होतात. त्यांबद्दल आम्ही कृतज्ञ आहों. पण हें दान आहे, जबाबदारी नव्हे. नफ्यांतलें दोन टक्के कसें खर्चिलें याचें पुस्तक गुळगुळीत कागदावर छापणाऱ्यांस उरलेले अठ्ठ्याण्णव कसे आले, हें विचारतां आलें पाहिजे. हिशेब चुकता न करतां दानधर्म करणाऱ्या सावकारास आमच्या खेड्यांत चांगलें नांव नाहीं. मोठ्या कंपनीस निराळा न्याय लावण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं.

कायदा नाहीं, असें मुळींच नाहीं. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यानें मजुरी न देणाऱ्या कंत्राटदाराऐवजीं ती देण्याचें दायित्व मुख्य मालकावर टाकिलें. १९७६ च्या कायद्यानें वेठबिगारी, आणि उचलीपायीं मनुष्यास बांधून ठेवणें, हा गुन्हा ठरविला. १९७९ च्या कायद्यानें दुसऱ्या राज्यांत नेलेल्या मजुरास प्रवासखर्च, राहण्यास योग्य जागा व औषधोपचार देवविले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या संहितांनीं हे कांहीं कायदे पोटांत घेतले आहेत. शब्द बदलले, मुख्य मालकाचें तत्त्व राहिलें आहे. उणीव आहे ती मुकादमाच्या पलीकडे जाऊन त्या मालकाच्या दारावर तो कायदा ठोठावणाऱ्या हाताची. महाराष्ट्रांत ऊंसतोड कामगारांसाठीं महामंडळ झालें, त्यासाठीं कारखान्यांवर टनामागें दहा रुपये बसविले. पण नवापूरची रेघ ओलांडून गेलेल्या कुटुंबास त्याचा काय उपयोग?

मग करावें तरी काय? आमच्या मतें प्रारंभ अगदीं लहान गोष्टीपासून व्हावा. कारखान्यानें आपल्या ऊंसावर काम करणाऱ्या प्रत्येकाचें नांव आपल्या दप्तरांत लिहावें. नवऱ्याचें निराळें, बायकोचें निराळें. उचल, खावटी, तोडलेलें वजन व कापलेली रक्कम यांचा कागद पंधरवड्यास ज्याच्या त्याच्या हातीं द्यावा. साखर घेणाऱ्या कंपन्यांनीं, मग त्या न्यूयॉर्कच्या असोत वा मुंबईच्या, आपण कोणत्या कारखान्यांची साखर घेतों त्यांचीं नांवें प्रसिद्ध करावीं, आणि खरेदीच्या करारांतच या कागदाची अट घालावी. जी कंपनी साखरेच्या दाण्याची जाडी आणि रंग करारांत लिहवून घेते, तिला हें एक कलम जड जाऊं नये. गुजरात व महाराष्ट्र या दोन सरकारांनीं हंगामापूर्वीं एकमेकांस याद्या द्याव्या, म्हणजे इकडच्या शाळेंतून नाहींसें झालेलें मूल तिकडच्या शाळेंत सांपडेल.

वाचकांकडेही एक मागणें आहे. साखर खाणें सोडा, असें आम्ही म्हणत नाहीं. मजुराचें पोट त्या साखरेवरच आहे, आणि बहिष्कारानें तें भरत नाहीं. पण आपल्यांपैकीं कोणी अशा कंपन्यांचे भागीदार असतील, कोणी त्यांत अधिकारी असतील, कोणाचीं मुलें परदेशीं त्यांच्याच कचेऱ्यांत नोकरीस असतील. भागीदारांच्या वार्षिक सभेंत नफा किती, हा प्रश्न सर्वजण विचारतात. त्याच सभेंत उभें राहून, 'आपला ऊंस कोण तोडतो, आणि त्यास हिशेबाचा कागद मिळतो का?' एवढें एक वाक्य कोणीं तरी विचारावें. उत्तरांत पुन्हां मुकादमाचें नांव आलें, तर खालीं बसूं नये.